पालखीची शीव, साखळीची हद्द

परशुरामाने बाण मारला, समुद्र मागे हटला आणि कोकण वर आलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या बाणाने मोकळी केलेली जमीन पुढे कुणी कुणी मोजली आणि कशासाठी, यावर मात्र आमच्या घरात एकमत नाही. वाद घालणारे दोघे. भाऊ म्हणजे माझे वडील. भूमी अभिलेख खात्यातून निमतानदार म्हणून निवृत्त झाले. दुसऱ्याने केलेली मोजणी तपासण्यात हयात गेल्यामुळे कुणाचंच म्हणणं पहिल्या झटक्यात मान्य करायचं नाही, अशी सवय जडलेली. नाना म्हणजे माझे सासरे. एकेकाळच्या खोतांच्या घरातले, आणि गावच्या पालखीचे मानकरी. व्याही असल्यामुळे दोघांचा आवाज चढतो, पण ‘तुम्ही’ सुटत नाही. घरगुती टोमणे वगळून बाकीचं इथे मांडते आहे. राहवलं नाही तिथे मीही मधे बोलले आहे.

नाना: नकाशा ही साहेबाची देणगी, असं तुम्ही म्हणता, भाऊ. अहो, या मुलखाचा नकाशा सह्याद्रिखंडाच्या पोथीत आहे. सात कोकणं, नद्या, तीर्थं, कोण कुठे येऊन वसलं, सगळं.

भाऊ: आहे ना. आणि तो छापला कुणी? गेर्सन द कुन्हा नावाच्या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरने, १८७७ साली, ठिकठिकाणच्या पोथ्या गोळा करून. सात कोकणांची यादी तरी सगळीकडे एक आहे का? परशुरामाची भूमी कुणी गोकर्णापर्यंत नेतो, कुणी थेट कन्याकुमारीपर्यंत. हद्दच ठरत नाही तो नकाशा कसला?

नाना: हद्दीसाठी नव्हेच तो. अमुक ठिकाणी गेल्यावर स्नान कुठे करायचं, दर्शन आधी कुणाचं घ्यायचं, हे त्यात सांगितलंय. तुमचा कागद सांगतो जागा कुणाची. पोथी सांगते इथे आलेल्या माणसाने वागायचं कसं.

भाऊ: वागायचं कसं ते ठीक. पण दोघे एकाच जागेवर भांडायला उभे राहिले, की पोथी उघडून काय मिळतं?

नाना: भांडण कशाला पाहिजे? चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवळाचंच बघा. देऊळ उभं राहिलं त्यात एका बेगमेचा नवस होता म्हणतात, तिची जहाजं वादळातून सुखरूप परतली म्हणून. घुमटाकडे बघितलं तर मुसलमानी वळण लपत नाही. १७२७ साली तेच क्षेत्र जंजिऱ्याच्या सिद्दींकडच्या सिद्दी सातने लुटलं. पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी, त्यांचा जीव त्या देवळात गुंतलेला. ते प्रकरण त्यांनी साताऱ्या-पुण्यापर्यंत नेलं. आणि त्याच जिल्ह्यात दाभोळला जा. विजापूरची शाहजादी मक्केला निघाली, पुढे जाणं झालं नाही, तेव्हा वाटखर्चाच्या पैशातून तिने खाडीकाठी मशीद बांधली, अशी कथा. एकीची जहाजं समुद्रातून परत आली म्हणून देऊळ, दुसरी समुद्रात जाऊ शकली नाही म्हणून मशीद. तुमच्या गटनंबरात हे कुठे बसतं?

भाऊ: आख्यायिका आहेत त्या.

नाना: बाण तरी काय होता?

इथे भाऊ हसले, म्हणजे तेवढ्यापुरती माघार. पण दाभोळचं नाव निघालं की ते गप्प बसणार नाहीत हे मला माहीत होतं. दाभोळ हे नकाशांच्या इतिहासातलं फार जुनं गाव. पहिल्या-दुसऱ्या शतकातले ग्रीक लेखक या किनाऱ्यावरची जी बंदरं सांगतात, त्यांतली एक-दोन दाभोळ-जयगडच्या आसपासची असावीत असं अभ्यासक मानतात. पुढे आदिलशाहीत घोडे, कापड आणि हजचे यात्रेकरू याच खाडीतून जात.

भाऊ: १५०८ च्या अखेरीस आल्मेईदाने दाभोळ जाळलं. तीस वर्षांनी दुसरा पोर्तुगीज आला, जुआंव द काश्त्रो. १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला जाताना त्याने वाटेतल्या खाड्यांची मुखं, वाळूचे दांडे, पाण्याची खोली, सगळं टिपून चित्रं काढली. दाभोळही त्यात आहे. आधीचा जाळायला आला होता, हा मोजायला आला.

नाना: पुन्हा जाळायला सोपं जावं म्हणून!

भाऊ: असेल. तरी माणूस प्रामाणिक. होकायंत्राची सुई जहाजावरच्या तोफेजवळ भलतीकडे वळते, हे त्याने ताडलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खडकांमुळेही ती फिरते, हे लिहून ठेवलं. आपलं साधन खोटं बोलू शकतं हे कबूल करतो, तो खरा मोजणारा. पोथीत अशी कबुली दाखवा मला.

मला भाऊंचं हे पटतं, आणि थोडं खटकतंही. काश्त्रोला सुईची चूक दिसली. खाडीत शिरायला आपल्याला कुणी बोलावलं होतं का, हा प्रश्न त्याच्या वहीत येण्याचं कारण नव्हतं. आणि आणखी एक. दाभोळच्या मशिदीत उभा राहणारा पश्चिमेला, किंचित वायव्येला तोंड करतो. वर कुलाब्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, किनाऱ्यावर ज्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं म्हणतात, ते बेने इस्रायल ज्यू जेरुसलेमकडे तोंड करतात, तेही त्याच बाजूला. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका कातळावर एलिया प्रेषिताच्या रथाच्या खुणा ते दाखवतात. देवळातला भक्त बहुधा पश्चिमेलाच तोंड करून उभा असतो, कारण मूर्ती पूर्वेला बघते. म्हणजे हा सगळा किनारा समुद्राकडे बघून हात जोडतो, प्रत्येकाचं गाव मात्र वेगळं.

आता जर्व्हिस. त्याच्याशिवाय भाऊंची बाजू उभी राहत नाही.

भाऊ: पेशवाई बुडाली आणि दक्षिण कोकण हा वेगळा जिल्हा झाला. आधी कचेरी बाणकोटला, १८२२ पासून रत्नागिरीला. त्या सुमारास टॉमस बेस्ट जर्व्हिस हा मुंबई इंजिनिअर्सचा तरुण अधिकारी इथे आला आणि दहा-एक वर्षं त्याने दक्षिण कोकण मोजलं. डोंगरावरून डोंगराकडे कोन घ्यायचे, त्रिकोण जोडत जायचं. पावसाळ्यात काम बंद, उन्हाळ्यात धुरकट हवा, दऱ्या अशा की समोरचं गाव हाकेवर दिसतं आणि जायला दिवस मोडतो. नुसता नकाशा नाही केला. घरं, माणसं, मापं, वजनं, धारा. १८४० साली त्याचं कोकणावरचं पुस्तक निघालं.

नाना: आणि एव्हरेस्टने त्याची काय शोभा केली तेही सांगा.

भाऊ: सांगतो की. १८३७ साली एव्हरेस्टच्या जागी सर्व्हेअर जनरल म्हणून जर्व्हिसचं नाव ठरलं. विलायतेतल्या विद्वानांनी त्याच्या बाजूने अर्ज केला. एव्हरेस्ट खवळला. १८३९ मध्ये त्याने ससेक्सच्या ड्यूकला उद्देशून पत्रंच छापली. जर्व्हिसला ती खुर्ची कधीच मिळाली नाही. पण टिकला माणूस. क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैन्याकडे नकाशे नव्हते, तेव्हा १८५४ मध्ये याने बेल्जियममधून रशियन नकाशा पैदा केला, छापला. पुढच्याच वर्षी युद्धखात्यात नकाशांची कचेरी याच्या हाताखाली सुरू झाली.

नाना: बघा! रत्नागिरीत सुरू झालं आणि युद्धखात्यात संपलं. भाऊ, तो कडवा ख्रिस्ती होता. जगातली सगळी वजनं-मापं मुळात एकाच प्राचीन मापातून फुटली, असं त्याने लिहिलं आहे. म्हणजे त्याच्याकडेही एक पोथी होतीच. फक्त ती साखळीला बांधलेली होती म्हणून तुम्हाला दिसत नाही.

हा टोला बसला. पवित्र मुलूख मोजणाऱ्यांची ही नेहमीची गोष्ट आहे. जेरुसलेम शहराची पहिली काटेकोर मोजणी १८६४-६५ मध्ये चार्ल्स विल्सनने केली, ती शहराच्या पिण्याच्या पाण्याची सोय करायची म्हणून. मोजणी पाण्याची, पण विलायतेत लोक ती वाचू लागले बायबल शेजारी ठेवून. १८६५ मध्ये पॅलेस्टाईनच्या शोधासाठी संस्थाच निघाली. तिच्या वतीने १८७२ ते १८७७ काँडर आणि किचनर यांनी तो प्रदेश मैलाला एक इंच या प्रमाणात, सव्वीस नकाशापत्रांवर उतरवला. गावकऱ्यांना विचारून टेकड्यांची, विहिरींची नावं लिहून घेतली, आणि बायबलातली गावं त्या नावांत शोधली. ज्यांना विचारलं, त्यांच्या शेतांचं पुढे काय होणार हे त्या नकाशापत्रांवर लिहिलेलं नव्हतं. त्या मानाने कोकणाचं नशीब बरं. जर्व्हिसला इथे आपला देव सापडायचा नव्हता.

नाना: आता आमचा नकाशा ऐका. शिमग्याला पालखी सहाणेवरून उठते ती घरोघर जाते, आणि शिवेपाशी फिरते. कुठे थांबायचं, कुठे नारळ द्यायचा, कुठल्या वळणावर राखणदाराचं नाव घ्यायचं, हे ठरलेलं. गाऱ्हाणं घालताना बारा-पाचाचं नाव घेतात, त्यात शेजारच्या गावचा देव येतो, कुठे कुठे पीरही येतो. हातिसला पीर बाबरशेखाचा उरूस असतो. हिंदू-मुसलमान दोघांचा तो उत्सव. दर वर्षी पायांनी गाव मोजला जातो. कागद हरवतो, हा नकाशा हरवत नाही, कारण तो पोरांच्या पायांत असतो.

भाऊ: सगळ्या घरी जायची पालखी, नाना?

नाना गप्प.

भाऊ: मी भांडत नाही. विचारतोय. तुमच्या पायांच्या नकाशात काही घरं शिवेबाहेर होती की नाही? शिवेची राखण करायचं काम ज्यांच्याकडे, त्यांच्या दारात देव जायचा का? १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर मुद्दाम बांधावं लागलं, भागोजी कीरांच्या पैशाने. सगळ्यांना आत जाता यावं म्हणून! जी देवळं होती त्यांत जाता येत नव्हतं म्हणूनच ना? माझ्या साखळीला जात नव्हती. गुंठा म्हणजे गुंठा.

नाना: साखळी धरणाऱ्याला होती.

भाऊ: होती. तरी कागदावर आकडा आला की तो पुसता येत नाही. तुमच्या खोतीचंच घ्या. या जिल्ह्यात सर्व्हेला सगळ्यात जास्त विरोध कुणी केला? खोतांनी. का? तोवर कोण कुठला तुकडा किती वर्षं कसतो, हे खोताच्या तोंडात होतं. मोजणी झाली आणि कुळाचं नाव तुकड्यासमोर आलं. कोर्टकचेऱ्या झाल्या, शेवटी १८८० साली खोतीसाठी वेगळा कायदा करावा लागला. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच जिल्ह्यातलं. १९४९ चा कायदा होऊन खोती गेली. तो लढा नुसत्या आठवणीवर लढता आला असता का?

मला विचाराल तर खोतीच्या मुद्द्यावर भाऊ निर्विवाद जिंकतात. नानांनीही ते मानलं, पण त्यांच्या पद्धतीने. ‘आमच्या आजोबांनी मोजणीवाल्यांना पाणी दिलं नव्हतं, चूकच ती,’ असं म्हणून त्यांनी पानाचा डबा पुढे केला.

नाना: आता देवरहाटीचं सांगा. गावाने कुऱ्हाड लावली नाही म्हणून ते रान उभं राहिलं. आत देवाचं नाव घेतल्याशिवाय कुणी शिरायचं नाही, वाळली काटकीही उचलायची नाही. तुमच्या खात्याने ते मोजलं, नंबर दिला, आणि मालक कोण लिहिला? बऱ्याच ठिकाणी सातबाऱ्यावर सरकार. ज्या देवाचं ते रान, त्याचं नाव नाही आणि ज्या गावाने राखलं त्याचंही नाही.

भाऊ: देवस्थानचं नाव आहे अशीही रानं आहेत. आणि जिथे आहे तिथे विश्वस्त ती विकायला निघालेले मी पाहिलेत. सरकार लिहिलं म्हणून वाचलेली रहाटीही पाहिली आहे.

नाना: आणि सरकार लिहिलं म्हणून गेलेली?

भाऊ: तीही.

माझं मत मी इथे घुसडते. सह्याद्रिखंड, गाऱ्हाणं, मशिदीचा किब्ला, एलियाचा रथ, हे सगळे नकाशे एकाच जमिनीवर एकमेकांवर अंथरलेले आहेत आणि एकाला दुसऱ्याची अडचण होत नाही. मोजणीचा नकाशा त्यांवर आला आणि भोगवटादाराचा रकाना घेऊन आला. त्या रकान्यामुळे कुळाला न्याय मिळाला हे खरं. पण देवाच्या जागेला एकच धनी असतो, ही समजूतही त्याच रकान्याने आणली.

दापोली तालुक्यातलं पन्हाळेकाजी याचा उत्तम दाखला आहे. कोटजाई नदीच्या काठी एकोणतीस लेणी. सुरुवात हीनयान बौद्धांची. मग दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास वज्रयानी आले, त्यांच्या देवता कोरल्या गेल्या. मग शिलाहारांच्या काळात शैव आणि गाणपत्य. त्यानंतर नाथपंथी, थोडं बाजूला असलेल्या एकोणतिसाव्या लेण्यात, गौर लेण्यात, त्यांची चौऱ्याऐंशी सिद्धांची परंपरा. हजारएक वर्षं एकच कातळ, आणि येणाऱ्या प्रत्येकाने आधीच्याची खोली वापरली.

भाऊ: आणि हे कळलं कशावरून? पन्हाळ्यात ताम्रपट सापडला. शके १०६१, म्हणजे ११३९ सालचं शिलाहारांचं दानपत्र. त्यात गावाचं जुनं नाव प्रणालक. मग म. न. देशपांडे आले, गाळाने भरलेली लेणी साफ करवली, प्रत्येकाची मापं घेतली, १९८६ मध्ये पुरातत्त्व खात्याने ग्रंथ काढला. दानपत्र म्हणजे तरी काय? जमिनीचा दस्तऐवजच. तांब्याचा सातबारा.

नाना: लेणी तिथे आहेत हे गावाला माहीत नव्हतं असं म्हणायचंय का?

भाऊ: लेणी माहीत होती. बौद्धांची, नाथांची हे माहीत नव्हतं.

नाना: त्याने गावाचं काय अडलं होतं?

भाऊ: तुमचं नसेल अडलं. एखाद्या बौद्धाचं अडलं असेल. इथे आपलं कुणी होतं, हे त्याला कुणी सांगायचं?

हे वाक्य मला दिवसभर पुरलं. रत्नागिरीत थिबा राजाची समाधी आहे. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, १९१६ साली तो इथेच गेला. आमच्यासाठी त्याचा इथला पॅलेस म्हणजे शाळेची सहल. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीला आले, तेव्हा शहराला कळलं की आपल्या गल्लीतलं एक ठिकाण दुसऱ्या देशाच्या नकाशावर आपल्यापेक्षा ठळक आहे.

शेवटी गाडी सड्यावर आली. ती येणारच होती. जांभ्याच्या उघड्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पं हा रत्नागिरीचा गेल्या दहा-बारा वर्षांतला सगळ्यात मोठा विषय. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून शेकड्यांनी शिल्पं नोंदवली. कशेळीचा हत्ती अठरा मीटरच्या आसपास लांब, पोटात इतर प्राणी. २०२२ मध्ये कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

नाना: त्यांनी ती शोधली कशी, सांगा. गुराख्यांना विचारून. म्हाताऱ्यांना विचारून. म्हणजे तुमच्या सर्व्हेच्या साखळ्या दीडशे वर्षं त्या सड्यावरून फिरल्या, हत्तीच्या पोटावरून गेल्या असतील, आणि लिहिलं काय? पोटखराब.

भाऊ: पिकत नाही त्याला पोटखराबच लिहितात. आकार बसवायला मोजणी होती, चित्रं बघायला नव्हती.

नाना: तेच म्हणतोय मी. देवीहसोळच्या आर्यादुर्गेच्या देवळाजवळचं शिल्प उत्सवाशी आजही जोडलेलं आहे. तिथल्या माणसांनी ते विसरू दिलं नाही.

भाऊ: आणि बाकीच्या शेकडो ठिकाणी दिलं. उत्सव नव्हता तिथे लोक गुरं बांधत होते, चिरे काढत होते. एक ठिकाण आठवणीने टिकलं, शंभर गेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरणाच्या प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं, लोक आडवे पडले. त्या भांडणात कातळशिल्पांचं नाव घेता आलं ते कशामुळे? कुणीतरी आधी मोजून, फोटो काढून, यादीत घातली होती म्हणून.

मी विचारलं, ‘देवाच्या गोठण्याचं काय?’ तिथल्या मनुष्याकृतीवर होकायंत्र धरलं की सुई भरकटते. ज्यांनी कोरलं त्यांना ते ठाऊक होतं का, यावर लोक हवे ते तर्क लढवतात. नाना लगेच म्हणाले, तिथे काहीतरी आहे. भाऊ म्हणाले, लोह आहे, आणि काश्त्रोने हे पाचशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. दोघांनाही ते आपल्याच बाजूचं वाटलं.

नाना: बरं, आता कामाचं बोला. पालखीची वाट, रहाटीतला नियम, उरसाची जागा, हे तुमच्या कागदावर आणायची सोय आहे की नाही? नसेल तर उगाच कागदाची थोरवी सांगू नका.

भाऊ: आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आहे. सरकारी पडीक जमिनीवर गावाचे काय हक्क, त्यासाठी निस्तारपत्रक, कलम १६१. आणि खाजगी जमिनीवरून जायची वहिवाट, पाणी, मासेमारी असे गावचे रिवाज नोंदवायला वाजिब-उल-अर्ज, कलम १६५. जिल्हाधिकाऱ्यांनी करायचं असतं, गावाचं म्हणणं विचारून.

नाना: उल-अर्ज? म्हणजे मोगलांपासूनचं?

भाऊ: नाव जुनं, कायदा आपला.

नाना: मग आमच्या गावाचं आहे का केलेलं?

भाऊ: बघावं लागेल.

नाना: तुम्ही एवढी वर्षं खात्यात होतात आणि बघावं लागेल?

भाऊ: माझं काम हद्दीचं होतं, नाना. रिवाज कुणी विचारायला आला नाही.

नाना: मग सोमवारी तलाठ्याकडे चला. पण एक आधीच सांगतो. पालखी वरच्या वाडीत जिथून जाते ती वाट आता एकाच्या आंब्याच्या कलमांतून जाते, आणि त्याने गडगा घातलाय.

भाऊ: गडग्याचं नंतर बघू. आधी मला सांगा, पालखी सगळ्या वाड्यांत जाईल असं लिहायचं की काही वाड्यांत? एकदा लिहिलं की मी खोडू देणार नाही.